बोलता येईल एवढंच चालायचं

आमच्या क्वार्टरमध्ये दार आपटल्याचा आवाज मी लहानपणी कधी ऐकला नाही. पातेलं हातातून पडलं तर आधी बाबांचं तोंड पांढरं पडायचं, मग आमचं. बाबा खमरियाच्या कारखान्यात होते, तेही जिथं तोफगोळ्यांत दारू भरतात त्या विभागात. तिथं जायचं म्हणजे काड्यापेटी गेटवर काढून द्यायची, खिळे नसलेले बूट घालायचे. पळायचं नाही, काही फरपटत ओढायचं नाही, आणि हातातली वस्तू खाली ठेवताना आवाज होता कामा नये. पंधरा वर्षं हे केलेला माणूस घरी आला म्हणून वेगळा थोडाच होतो? चहाचा कपसुद्धा ते असा ठेवायचे की बशीलाही कळू नये. शेजारची पोरं आमच्याकडे खेळायला येत नसत, आणि त्यात त्या पोरांची काही चूक नव्हती.

एकाहत्तर साली लढाई लागणार, हे खमरियात पेपरवाल्यांच्या आधी कळलं होतं, कारण ओव्हरटाईम सुरू झाला. बाबा सकाळी साडेसहाला सायकल काढायचे ते रात्रीच्या जेवणालाच परत यायचे. त्याच उन्हाळ्यात आईला दिवस गेले. मी तेरा वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं, जरी मला काही कळत नाही असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

माझ्या पाठीवर आईचे दोन गर्भ गेले होते. एक तिसऱ्या महिन्यात, दुसरा पाचव्यात. दुसरा गेला तेव्हा मी आठ वर्षांची होते. आई भिंतीकडे तोंड करून पडायची आणि बाबा माझी वेणी घालायचे, ती एका बाजूला वाकडी यायची. शाळेत पोरी हसायच्या, पण घरी येऊन मी ते कधी सांगितलं नाही. एवढं शहाणपण मला तेव्हाही होतं.

आता हे तिसरं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. बाबा तर पाणीही फुंकून प्यायला लागले. आईचा पलंग कोपऱ्यात सरकवला, पायथ्याखाली विटा ठेवल्या. धक्का नको, हेलकावा नको, ऊन नको. व्हरांड्याच्या दोन पायऱ्या उतरायलाही बंदी. आपल्या विभागातला माल ते जसा ठेवत, तसंच त्यांनी आईला ठेवलं. आणि खरं सांगते, त्यात प्रेमाशिवाय दुसरं काही नव्हतं. तळहाताच्या फोडासारखं जपलं त्यांनी तिला. पण अति तिथं माती, ही म्हण आपल्याकडे उगीच नाही.

या सगळ्यावर देखरेख आत्याची. बाबांची ही मोठी बहीण गढ्याला राहायची आणि दर दोन-तीन दिवसांनी बसनं डबा घेऊन यायची. डब्यात तुपात निथळणारा शिरा. "दोन जिवांची आहे, दोघांचं खायला पाहिजे," म्हणत ती आईच्या तोंडासमोर बसायची आणि वाटी रिकामी झाल्याशिवाय उठायची नाही. त्याच उन्हाळ्यात माझी पाळी सुरू झाली होती, तर मलाही तिनं बसवलं. सायकल बंद, लंगडी बंद, दोरीवरच्या उड्या बंद. "आता काय तू लहान आहेस? काहून माकडासारखी उड्या मारून राहिली?" दर महिन्याला माझ्या पोटात असं दुखायचं की मी उशी चावायचे, आणि आत्या म्हणायची, बाईच्या जातीला हे चालायचंच. मला तिचा राग यायचा. अजूनही थोडा येतो, बिचारी जाऊन इतकी वर्षं झाली तरी.

तर ऑगस्टमध्ये पाचव्या महिन्याच्या तपासणीला आईबरोबर मी गेले. बाबांना सुटी मिळणं शक्यच नव्हतं. त्यांनी रिक्षा ठरवून दिली, रिक्षावाल्याला खड्डे चुकवायच्या सूचना दिल्या, आणि मग कामावर गेले. इस्टेटच्या, म्हणजे कारखान्याच्या वसाहतीच्या, दवाखान्यात एक केरळची सिस्टर होती, उंच, काळीसावळी, चष्म्यातून रोखून बघणारी. आई टेबलावर चढताना धापा टाकायला लागली तशी सिस्टरनं तिचे पाय बघितले. पाय असे सुजले होते की बोट दाबलं तर खळगा राहायचा.

"दिन में कितना चलती हो?" सिस्टरनं विचारलं.

"चलना कहाँ," आई म्हणाली, "हम तो लेटे रहते हैं."

"किसने बोला लेटने को? डॉक्टर ने?"

डॉक्टरांनी असं काही सांगितलंच नव्हतं. खरं म्हणजे कुणी विचारलंच नव्हतं. सिस्टर आत जाऊन डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. त्यांनी रक्तदाब बघितला, पोट बघितलं, रक्तस्राव झाला होता का, दुखतं का, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, सगळं ठीक आहे, हिला झोपवून ठेवायचं काही कारण नाही. चालू दे, घरातलं हलकं काम करू दे. सुजेसाठी दर पंधरा दिवसांनी मात्र यायचं.

मग सिस्टरनं आईला दाखवायला सुरुवात केली. खाटेचा कठडा धरून सावकाश खाली बसायचं, सावकाश उठायचं. बसल्या बसल्या घोटे गोल फिरवायचे. श्वास पोटापर्यंत घ्यायचा. शिरा एक वाटी पुरे, त्याऐवजी पालेभाजी, फुटाणे, गूळ, दूध. हे सांगताना तिची नजर माझ्यावर पडली. मी पोटावर दप्तर धरून बाकावर आक्रसून बसले होते. ते माझे चार दिवस होते.

"और ये? ये क्यों बुढ़िया जैसी बैठी है?"

आईनं हळू आवाजात सांगितलं. सिस्टर हसली नाही, याबद्दल मी तिची जन्माची ऋणी आहे. ती म्हणाली, "दोनों साथ चलो. सुबह, शाम. जितना चलते-चलते बात कर सको, बस उतना. साँस फूले तो रुक जाओ." बोलता येईल एवढंच चालायचं. एवढाच नियम.

दवाखान्याच्या फाटकाबाहेर आई थांबली. रिक्षावाला उभा होता. तिनं मला म्हटलं, "बाबांना सांगायचं नाही."

"काहून?"

"त्यांना आत्ता नको."

"पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना. मी सांगते त्यांना."

"सांगितलं ना एकदा? चल बस."

आई असं तोडून कधी बोलत नसे. मी बसले.

दुसऱ्या दिवशी बाबांची सायकल वळणावरून दिसेनाशी झाली आणि आई उठली. पावसाचे दिवस, रस्त्याच्या कडेनं शेवाळ. मी तिचा हात धरला होता. पहिल्या दिवशी आम्ही तिसऱ्या क्वार्टरपर्यंत गेलो आणि परत आलो, त्यातच तिच्या कपाळावर घाम. आठवड्यानं रांगेच्या टोकापर्यंत. महिन्यानं पाण्याच्या टाकीपर्यंत, आणि टाकीच्या कट्ट्यावर दोन मिनिटं बसून परत. आत्या येण्याच्या दिवशी ती यायच्या आत आम्ही आटपून घ्यायचो. शेजारच्या बायका बघायच्या, पण आई इतक्या सरळ मानेनं चालायची की विचारायची कुणाची टाप नव्हती.

आणि नियम असा की बोलत राहायचं. आता बोलायचं तर काय बोलायचं? माझी आई मुळात कमी बोलणारी. पहिले चार दिवस तिनं मला पाढे म्हणायला लावले. मग पाढे संपले आणि हळूहळू तीच बोलायला लागली. सराफ्यातलं तिचं माहेर, तिथली अरुंद गल्ली, गल्लीत लंगडी खेळताना ती कशी कुणालाच सापडायची नाही. फुगडीत तिनं एकदा समोरच्या मुलीचा हात सोडला आणि ती मुलगी सोनाराच्या ओट्यावर जाऊन बसली, ते सांगताना आई रस्त्यात थांबून हसली. मी तिच्याकडे बघतच राहिले. ही बाई आपल्या घरात राहते आणि आपल्याला हे माहीतच नाही! दोन महिन्यांत तिच्या पायांची सूज उतरली. माझं दुखणंही कमी झालं. गेलं नाही, पण उशी चावायची वेळ येईना.

हे सगळं छान, पण माझा जीव टांगणीला होता ते कुणाला सांगू? रोज तिचा हात धरताना वाटायचं, आज काही झालं तर? हेही गेलं तर? मग बाबांना सांगणार कोण, की तुम्ही जपत होतात आणि आम्ही दोघी चोरून फिरायला जात होतो? आईचा पाय जरा घसरला की मी तिचा दंड दोन्ही हातांनी धरायचे. देवापुढे मी रोज एकच मागायचे, की हे बाळ राहू दे, मग मला गणितात नापास केलंस तरी चालेल. गणितात मी तशीही नापास होणारच होते, पण देवाला काय सांगायचं ते सांगितलं.

दिवाळीनंतरच्या संकष्टीला, संध्याकाळच्या फेरीत, ते झालं. टाकीच्या अलीकडे आई एकदम गप्प झाली. मी म्हटलं, "बोल ना." ती बोलली नाही. रस्त्याच्या कडेला मोरीच्या कठड्यावर बसली, ओठ पांढरे, हात गार. मी तिला तिथं टाकून दवाखान्याकडे पळाले. बाबांच्या मुलीनं रस्त्यावर पळायची ही पहिलीच वेळ असेल. सिस्टर माझ्याबरोबर जवळजवळ धावत आली. नाडी बघितली आणि विचारलं, "सुबह क्या खाया?"

आईनं मान खाली घातली. तिनं काही खाल्लं नव्हतं. बाळ सुखरूप व्हावं म्हणून ती प्रत्येक संकष्टी करून राहिली होती, दिवसभर निव्वळ पाण्यावर, आणि हे तिनं माझ्यापासूनही लपवलं होतं. मी बाबांपासून लपवते, आई माझ्यापासून लपवते, असं आमचं घर. सिस्टरनं तिला साखरपाणी पाजलं आणि मग असं झापलं की मोरीवर बसलेला कावळा उडाला. "भगवान ने बोला है बच्चे को भूखा रखो?" आईच्या तोंडावर रंग आला, बाळ हललं, आणि आम्ही घरी आलो.

पण खमरियात बातमी सायकलपेक्षा आधी पोचते. रात्री बाबा आले ते सगळं ऐकूनच. ते ओरडले नाहीत. ओरडणं त्यांना येतच नव्हतं. सायकल लावली, हातपाय धुतले आणि मला म्हणाले, "तुझ्यावर माझा विश्वास होता." बस. त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. आई पुन्हा पलंगावर. मी पुन्हा घरात. चार दिवस बाबा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, आणि मी त्यांचा चहा करून समोर ठेवायचे तो थंड होऊन जायचा.

पाचव्या दिवशी, रविवार होता, सिस्टर आमच्या दारात. पांढरी साडी, हातात कापडी पिशवी. बाबा उभे राहिले, खुर्ची पुसून दिली. ती बसली नाही. तिनं पिशवीतून एक लाकडी नळी काढली, एका टोकाला कर्ण्यासारखी पसरलेली. आईच्या पोटावर तिचं पसरट टोक ठेवलं, दुसऱ्या टोकाला स्वतः कान लावून ऐकलं आणि बाबांना म्हणाली, "भैया, इधर आइए. कान लगाइए."

बाबांना काय करावं कळेना. मग गुडघ्यावर बसले, नळीला कान लावला. घरात अशी शांतता की बाहेर कुणी नळ सोडलेला ऐकू येत होता. बराच वेळ बाबा तसेच. मग त्यांनी मान वर केली.

"हे तर पळून राहिलं आहे," ते म्हणाले.

"बच्चा है, भागेगा ही," सिस्टर म्हणाली. "आपकी बीवी चली, इसलिए उसके पाँव ठीक हैं. चक्कर भूख से आया, चलने से नहीं. अब आप बोलिए, क्या करना है."

संध्याकाळी त्यांनी वहीतलं एक पान फाडलं आणि त्यांच्या सुबक अक्षरात नियम लिहिले. खाल्ल्याशिवाय निघू नये. ओल्या रस्त्यानं जाऊ नये. एकीचा हात दुसरीच्या हातात असावा. खिशात गूळ ठेवावा. वळणावर थांबून श्वास बघावा. शेवटी लिहिलं होतं, मुलीनं रोज अर्धा तास सायकल चालवावी. ते पान त्यांनी दारामागे चिकटवलं. विभागात असतात तशीच सूचना, फक्त या वेळी तिच्यात चालायचं होतं. आत्या आली तेव्हा तिनं ते वाचलं, शिऱ्याचा डबा उघडला, बंद केला आणि म्हणाली, "करा मग तुमच्या मनचं." पुढच्या खेपेला ती पालक घेऊन आली.

डिसेंबरमध्ये लढाई लागली. खिडक्यांना काळे कागद, सायकलच्या दिव्याला अर्धा काळा रंग. बाबा घरी यायचे ते जेवायला आणि झोपायला. एका दुपारी, ऊन व्हरांड्यात आलं होतं आणि आई तांदूळ निवडत होती, तेव्हा तिनं ताट बाजूला ठेवलं. "चल," म्हणाली. गाड्या सगळ्या कारखान्याच्या कामाला, रिक्षा मिळेना. ती म्हणाली, दवाखाना काही लांब नाही, मी चालते. कळ आली की थांबायची, माझा खांदा धरायची, श्वास पोटापर्यंत घ्यायची, मग पुन्हा चालायची. मधे ती बोलत होती. काय बोलत होती ते मला आठवत नाही, पण बोलत होती, एवढं नक्की.

दवाखान्यातून कुणीतरी कारखान्याच्या गेटवर बाबांसाठी निरोप पोचवला. ते आले ते विभागातल्या कपड्यांतच. आम्ही दोघं व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. आतून आईचा आवाज यायचा आणि बाबा बाकाची कड धरायचे. मग एकदम म्हणाले, "तुला ती मोठी लोखंडी ट्रंक आठवते?"

"कुठली?"

"या क्वार्टरमध्ये आलो तेव्हाची. हमाल यायला उशीर झाला. मी म्हटलं, एक बाजू धर. तुझ्या आईनं धरली. तिसऱ्या दिवशी गेलं ते." त्यांनी बाकाची कड सोडली. "मीच धरायला लावली. हे तिला मी कधी बोललो नाही."

मला रडू यायला लागलं, कारण माझ्याजवळही असंच एक लपवलेलं होतं. मी म्हटलं, "बाबा, त्याच आठवड्यात मी तिच्या अंगावर उडी मारली होती. पलंगावरून. तिच्या पोटावर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वेडी आहेस का? आठ वर्षांची होतीस तू. तुझ्या उडीनं काय होणार?" आणि माझं डोकं ओढून छातीशी धरलं. माझा गुन्हा त्यांना एका क्षणात खोटा वाटला. स्वतःचा मात्र पाच वर्षं खरा वाटत आला होता.

उन्हं उतरायच्या आत सिस्टर बाहेर आली. मुलगी. दोघी ठीक. बाबा उठले, बसले, पुन्हा उठले.

मला आत सोडलं तेव्हा आई दमून पडली होती, पण डोळे उघडे. कुशीत लाल मुटकुळं. मी ते बघितलं आणि मला राहवेना, मी ट्रंकेचं सगळं सांगून टाकलं.

"मला माहीत आहे," आई म्हणाली. "झोपेत बोलतात ते."

"मग तू त्यांना सांगितलं काहून नाही, की तसं काही नसतं?"

"ट्रंकेचं नाव न काढता सांगितलं होतं. तेव्हाच डॉक्टरांनीही सांगितलं होतं, असं कधीकधी होतं, कुणाची चूक नसते. हो म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्या ट्रंका माळ्यावर चढवल्या."

"तुला माहीत होतं सगळं, तर पडून काहून राहिलीस महिने न महिने? आणि डॉक्टरीणबाईंचं मला बाबांना सांगू का दिलं नाहीस?"

आईनं बाळाच्या अंगावरचं दुपटं नीट केलं. मग म्हणाली, "तुझे बाबा जिथं काम करतात, तिथं हात थरथरून चालत नाही. मी उठले हे कळलं असतं, तर त्यांचं चित्त दिवसभर माझ्यापाशी राहिलं असतं. मला बाळ पाहिजे होतं गं. पण संध्याकाळी तेही घरी यायला पाहिजे होते."

मी बाळाच्या मुठीत माझं बोट दिलं. बाहेर व्हरांड्यात बाबा सिस्टरला विचारत होते, हिला चालायला कधीपासून न्यायचं, आणि बाळाला बरोबर घेतलं तर चालेल का.